खून पाहिला, होताना नाही

कोर्टात लघुलेखकाला हात असतात, तोंड नसतं. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश साहेब त्याचं बोलणं नीट वाक्यात बसवून मोठ्यानं सांगतात आणि मी ते टाइप करते. इतकी वर्षं हेच केल्यावर माणसांच्या बोलण्याचं मला फारसं काही वाटेनासं झालं होतं. सफाईनं खोटं बोलणारे पाहिले, खरं बोलताना चळाचळा कापणारेही पाहिले. माझी मुलगी म्हणते, आई, तू सिरियल बघतानासुद्धा रडत नाहीस. रडू कशाला? त्या सिरियलमधल्या कोर्टात कुणालाच पुढची तारीख मिळत नाही, एका दिवसात निकाल. तिथंच माझा विश्वास उडतो.

तर अशा मला एका बाईनं पार हलवून सोडलं, ती गोष्ट सांगते.

ती पहिल्यांदा दिसली ती व्हरांड्यात, खाली फरशीवर बसलेली. शेजारचं बाकडं रिकामं होतं. मी म्हटलं, "मावशी, वर बसा की." तिनं बाकड्याकडं असं पाहिलं की जणू ते कुणाचं तरी होतं. "बरं हाय हितंच," म्हणाली. हिरवट लुगडं, गळ्यात मण्यांच्या पोती, कपाळ गोंदलेलं. मुकुंदवाडी स्टेशनपर्यंत ती वडापच्या जीपनं यायची आणि तिथून पुढं चालत. मी मुकुंदवाडीतच राहते, पण रिक्षाशिवाय कोर्टाला आल्याचं मला आठवत नाही.

तिचा मुलगा शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत ठेकेदाराकडं कामाला होता. एका संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या भिंतीमागच्या मोकळ्या रानात तो पोटात सुरा लागून पडलेला सापडला. खटला त्याच्याच वस्तीतल्या, त्याच्याच वयाच्या मुलावर होता. दोघं एका डब्यात जेवणारे, असं सगळेच सांगत होते. आणि सरकारी वकिलांची सगळी भिस्त या आईवर होती, कारण डोळ्यांनी पाहिलेली साक्षीदार ती एकटीच.

खटल्याला तारखांवर तारखा पडत होत्या. कधी वकील नाही, कधी आरोपीला तुरुंगातून आणायला गाडी नाही. ती मात्र दर तारखेला यायची, फरशीवर बसायची, भाकरी सोडायची, आणि शिपायानं पुढची तारीख सांगितली की ती तोंडातल्या तोंडात घोकत निघायची. तिला वाचता येत नव्हतं. पण तारीख कधी चुकली नाही.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी व्हरांड्यात उभी राहून कागद टाचत होते. घाईत पिन बोटात गेली. ती खालून म्हणाली, "बाई, खून आला की तुमच्या बोटाला." आणि चंचीतला चुना काढून तिनं माझ्या बोटावर दाबून धरला. मला हसू आलं. माझं लहानपण शहागंजातलं. पडलो, गुडघा फुटला, की शेजारच्या खाला ओरडायच्या, अरे देखो, खून निकला. आमच्या घरी रक्त यायचं आणि शेजारी खून, आणि दोन्ही वेळा हळद तीच. मी तिला हे सांगितलं तर तिचा चेहराच बदलला. म्हणाली, "शहागंजात माझी आज्जी सुया-फण्या इकायची. बुरख्यावाल्या बायका लई घ्यायच्या. आमच्या तोंडाला त्यांचीच बोली लागली." तेव्हापासून ती मला बाई म्हणायची ते आपल्यातलं समजून, आणि मी दर तारखेला तिच्याजवळ घोटभर चहा घ्यायला लागले.

तिची जमात सरकारदरबारी विमुक्त म्हणून नोंदलेली. हा शब्द मी हजार वेळा टाइप केला असेल, पण कशातून मुक्त, हे कधी मनात आलं नव्हतं. तिच्या आज्याला गाव सोडायचं तर चौकीवर सांगून जावं लागायचं, आणि रोज हजेरी. कुठं चोरी झाली की आधी यांच्या पालांवर धाड. पुढं कायदा बदलला, हजेरी गेली. "पण कोर्टात आमचं मानूस उभं ऱ्हायलं की ते पिंजऱ्यातच," ती म्हणाली. म्हणून तंटा झाला की त्यांचे पंच बसतात. "चोरी, सोडचिठ्ठी, मर्डर, समदं पंचांम्होरं. मंग लागलं तर सरकार."

तिच्या मुलाचाही निवाडा आधी तिथंच झाला होता. ती सांगत होती तसं मी डोळ्यांपुढं आणत होते: कडुनिंबाखाली पुरुषांचं कोंडाळं, मधोमध मुलाचा सदरा, आणि बायका लांब, ओरडलं तरच ऐकू येईल इतक्या लांब. बाईमाणसानं पंचांशी थेट बोलायचं नाही. तिचा शब्द दिरानं किंवा भावानं न्यायचा. तिला सदऱ्याजवळ नेलं, त्यावर हात ठेवायला लावला, काय पाहिलं ते तिनं दिराला सांगितलं, दिरानं पंचांना. पंचांनी त्या मुलाला दोषी ठरवलं, त्याच्या घराला वस्तीतून बाहेर काढलं आणि त्याला पोलिसांच्या हवाली केलं.

"आन् सदऱ्यावर हात ठिवून दिलेला बोल फिरत नाय," ती म्हणाली.

"फिरवला तर?"

"मंग त्या बाईचं पाणी बंद. तिच्या हातचं कुणी घेत नाय, तिला कुणी देत नाय. मेली तर मातीला चार माणसं येत नाय."

हे तिनं चहात पाव बुडवता बुडवता सांगितलं. मी पुढं काही विचारलं नाही, कारण सुट्टी संपली होती.

शेवटी तिची साक्ष निघाली. उन्हाळा होता, पंखा नुसता आवाज करत होता. मागच्या बाकांवर वस्तीतले पंच ओळीनं बसले होते, पटके बांधून, गुडघ्यांवर हात ठेवून. तिचा दीर त्यांच्याच कडेला, कंपनीचा निळा शर्ट घातलेला, हातात मोबाइल. आरोपीची आई दाराजवळ उभी होती. तिच्या बाजूला जागा असून कुणी गेलं नाही. आरोपी पोरगं पिंजऱ्यात खाली मान घालून उभं होतं, गळ्याचं हाड वर आलेलं.

मावशी साक्षीदाराच्या कठड्यात उभी राहिली. पट्टेवाल्यानं शपथ दिली, तिनं ती एकेक शब्द चाखत म्हटली. सरकारी वकिलांनी नाव, गाव, मुलाचं काम विचारलं. ती नीट सांगत होती. त्या दिवशी मुलगा आला नाही म्हणून ती कंपनीकडं निघाली, भिंतीमागून पोरांचा गलका ऐकला, तिकडं धावली.

"तिथं तुम्ही काय पाहिलं?"

"म्या माझ्या लेकराचा खून पाहिला."

सरकारी वकिलांनी मान हलवली. त्यांना हवं ते मिळालं होतं. साहेबांनी माझ्याकडं पाहून सवयीनं सांगितलं, "मी माझ्या मुलाचा खून होताना पाहिला." साहेब मूळचे कोकणातले, सज्जन माणूस, साक्षीदारावर कधी न ओरडणारे. माझी बोटं चालू झाली.

"थांबा, साहेब," ती म्हणाली.

कुणी साहेबांना थांबा म्हणत नाही. माझी बोटं कळफलकावरच राहिली.

"व्हताना नाय. खून पाहिला."

साहेब समजुतीनं म्हणाले, "तेच लिहिलंय, आजी. पाहिला, म्हणजे होताना पाहिला ना?"

"खून व्हत नाय, साहेब. खून सांडतो." तिनं कपाळावर आठ्या घातल्या, जणू साहेबांनी भलतंच काही विचारलं होतं. "म्या मर्डर नाय पाहिला. खून पाहिला."

मागं दोघं-तिघं हसले. एक तरुण वकील तर तोंडावर फाइल धरून हसला. मला त्या फाइलसकट त्याला बाहेर काढावंसं वाटलं. माझ्या बोटावरचा चुना मला आठवला होता. त्या क्षणी त्या दालनात तिचं बोलणं कळलेली मी एकटी होते, आणि मला तोंड नव्हतं. लघुलेखकानं साक्षीत शब्द घातला तर साक्षच जाते, ते मला पक्कं माहीत होतं. मी जीभ दाताखाली धरून बसले. हिला हे समजावून सांगणं जमेल का, एवढंच मनात चाललं होतं.

सरकारी वकील उठले. चेहरा लाल झाला होता. ते म्हणाले, साक्षीदार फितूर झाली आहे, उलटतपास घेण्याची परवानगी द्यावी.

"फितूर म्हंजी?" तिनं साहेबांना विचारलं.

"म्हणजे आधी एक सांगून आता दुसरं सांगणं."

"मंग म्या फितूर नाय." हे तिनं साहेबांना सांगितलं, पण पाहत होती मागच्या बाकांकडं. मग तिनं डावा हात वर केला. अंगठ्यापासून मनगटाकडं जाणारा एक जुना, पांढरट व्रण होता. "हितं इळा लागला व्हता, गवत काढताना. लई खून गेला. सांगा, कोन मेलं?"

कुणी हसलं नाही.

साहेब तो हात पाहायला पुढं वाकले. मग हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही रक्ताला खून म्हणता?"

"व्हय. आमच्यात खूनच म्हणत्यात. रक्त आता पोरं म्हणत्यात, शाळंत जाणारी." तिनं बोट दाखवलं नाही, पण दिरानं मोबाइल खिशात घातला. त्याच वेळी मला सगळं उलगडलं, आणि साहेबांनाही, असं वाटतं. तिनं दिराला रक्त सांगितलं होतं. शाळा शिकलेल्या दिराच्या कानात ते मर्डर म्हणून पडलं. दिरानं तेच पंचांना सांगितलं, पंचांनी पोलिसांना, पोलिसांनीही तिचा जबाब दिराच्याच तोंडून लिहून घेतला आणि तसंच ते इथवर आलं. एकाही माणसानं मुद्दाम खोटं सांगितलं नव्हतं. आणि त्यावर एक पोरगं आत बसलं होतं, एक घर वस्तीबाहेर.

सरकारी वकील सोडणारे नव्हते. त्यांनी विचारलं, "तुम्ही पंचांसमोर मुलाच्या सदऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, खरं का?"

"खरं हाय."

"काय सांगितलं होतं?"

"खून पाहिला."

"आणि आज म्हणता, मारताना पाहिलं नाही. म्हणजे एक तर ती शपथ खोटी, नाही तर ही."

मी तिच्याकडं पाहिलं. मागं पंच बसले होते. उद्यापासून तिला पाणी द्यायचं की नाही हे ठरवणारी माणसं. पुढं न्यायाधीश. मध्ये ती, आणि तिचा एकुलता एक शब्द. तिला सोपं होतं. 'व्हय, मारताना पाहिलं' एवढं म्हटलं असतं तर वस्तीत मान राहिला असता, पंचांचा निवाडा राहिला असता, मुलाला मारणारा कुणीतरी सापडल्याचं समाधानही राहिलं असतं.

ती म्हणाली, "दोन्ही खऱ्या. तवाबी खून म्हणलं, आताबी खूनच म्हणते. बोल त्योच हाय. म्या नाय फिरवला. ऐकणाराच्या कानात फिरला."

"तेव्हा तुम्ही पंचांना का सांगितलं नाही?"

"तितं मला तोंड कुठं व्हतं? माझं तोंड दिराच्या तोंडात व्हतं." मग म्हणाली, "पंच शाणी माणसं. त्यांनी काय इचार करून ठरवलं आसल, म्हणून म्या गप. माझ्या बोलावर ठरवलंय, हे आत्ता साहेबांनी बोलून दाखवलं तवा कळलं."

तोंड नसण्याचं मी आयुष्यभर विनोदात सांगत आले होते.

आरोपीच्या वकिलांनी मोजकंच विचारलं. आरोपी तिथं काय करत होता?

"माझ्या लेकराजवळ बसल्याला व्हता. त्येच्या हाताला खून व्हता." पिंजऱ्यातल्या पोरानं पहिल्यांदा मान वर केली. तिनं आपले दोन्ही तळवे समोर धरले. "माझ्याबी हाताला व्हता. म्या त्येला मांडीवर घेतलं, तवा लागला. ह्यो पोरगा मारून बसला व्हता का उचलाया बसला व्हता, ते मला ठावं नाय. जे ठावं नाय ते म्या नाय सांगणार."

सांगते, मला त्या बाईची भीती वाटली. माझ्यापेक्षा फार मोठं काही समोर उभं राहिलं की वाटते तशी. तो पोरगा तिच्या मुलाचा मारेकरी असू शकत होता. हे तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी जेवढं डोळ्यांनी पाहिलं तेवढ्याच्या पलीकडं ती एक पाऊल टाकत नव्हती, आणि त्या एका पावलात तिचं सगळं होतं. मला रडू आलं. पदरानं डोळे पुसले, पट्टेवाल्यानं पाहिलं, आणि ती बातमी चहाच्या टपरीपर्यंत गेली.

साहेबांनी आधी सांगितलेलं वाक्य मी खोडलं आणि त्यांनी नव्यानं सांगितलेलं टाइप केलं: मी माझ्या मुलाचे रक्त पाहिले, आमच्या बोलीत रक्तास खून म्हणतात, मारताना मी पाहिले नाही. मग साक्ष तिला वाचून दाखवली. बहुतेक साक्षीदार पहिल्या ओळीलाच 'बरोबर, बरोबर' म्हणतात आणि अंगठ्यासाठी हात पुढं करतात. ती डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिली, आणि मगच अंगठा दिला.

बाहेर आवारात पंचांनी तिला गाठलं. मी जिन्यावर होते, ऐकू येत होतं. सगळ्यात म्हातारा पंच, ज्याला जिना उतरायला दोघं लागले होते, म्हणाला, "हे आदी सांगाया पायजे व्हतं."

"इचारलं कुणी?" ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाण्याची बाटली मागितली, तोंड लावून पाणी प्यायला आणि बाटली परत दिली. बाकीचे पाहत राहिले. दीर मान खाली घालून उभा होता. वस्तीत पुढं काय ठरलं हे मला माहीत नाही, पण तिच्या हातचं पाणी तिथं सगळ्यांदेखत घेतलं गेलं होतं.

निकाल पुढं बऱ्याच तारखांनी लागला. सुरा सापडला नव्हता, दुसरा पुरावा टिकला नाही. पोरगं सुटलं. त्या दिवशी मावशीनं यायची काही गरज नव्हती, पण ती आली, आणि या वेळी बाकड्यावर बसली. सुटलेल्या पोराच्या आईनं धावत येऊन तिचे पाय धरले. मावशीनं तिला दंडाला धरून उठवलं.

"पाया पडू नगं. म्या तुज्या लेकरासाठी नाय बोलले. माज्या लेकराच्या नावावर खोटं नगं म्हणून बोलले."

पोरगं लांब उभं होतं. जवळ यायची त्याची हिंमत झाली नाही, आणि मावशीनंही त्याला बोलावलं नाही. तिनं त्याच्याकडं एकदा नीट पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती आणि आरोपही नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं, आणि आता कुणीच सांगणार नव्हतं.

गर्दी पांगली. मी खाली आले तर ती अजून बाकड्यावरच होती, पिशवी मांडीवर घेऊन, दर वेळी बसायची तशी वाट पाहत. मला वाटलं चहाची. मी म्हटलं, "चला मावशी, चहा घेऊ."

"घेऊ. आदी शिपायाला इचारा बाई, पुढली तारीख कवा हाय?"

मला क्षणभर कळलं नाही. "कसली तारीख?"

"ह्यानं नसंल मारलं, तर दुसऱ्या कुणीतरी मारलंच की. ते बघायची तारीख."

आत फाइल बांधून झाली होती. ती मीच बांधली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि सांगितलं की आता तारीख नाही. निकाल लागला, खटला संपला. ती ओठ हलवत राहिली, दर वेळी तारीख घोकायची तसे, पण या वेळी घोकायला काही नव्हतं. मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

"तुमची संपली व्हय," ती म्हणाली, "माजी कुठं संपली?"

मी चहा आणायला उठले. दोन कप घेऊन आले तेव्हा ती तिथंच होती.